फाल्मथच्या चौकातील पाणी

संपादकांनी सांगितले, "तुमच्या सहलींतल्या गमती लिहा." गमती सांगणे मला जमत नाही. काम सांगता येते. तेच लिहितो.

मी सिंगापुरात सहलींचा व्यवस्थापक होतो. लिटिल इंडियात एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचे कार्यालय होते. जिना चढून येणाऱ्याच्या कपड्यांना तुपाचा वास लागत असे. येथील मराठी तरुण बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत असतो. स्वतः फिरायला जाताना तो फोनवर तिकिटे काढतो, कोणाला विचारत नाही. पुण्याहून राहायला आलेल्या आईवडिलांना पाठवायचे असले, म्हणजे तो जिना चढतो आणि म्हणतो, "काका, बरोबर मराठी माणूस असला की आम्ही निर्धास्त." तो मराठी माणूस म्हणजे मी.

काम साधे होते. माणसे न्यायची, दाखवायची आणि सगळी परत आणायची. बाहेरच्यांना वाटते, हा मनुष्य फुकटात जग हिंडला. वस्तुस्थिती अशी की जगातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे मी पाठीने पाहिली आहेत. स्थळ माझ्या मागे, माणसे माझ्या समोर. कोणाची चप्पल तुटली, कोणाला चक्कर येते आहे, कोणी आइस्क्रीमच्या गाडीकडे सरकते आहे, तिकडे लक्ष. मनोऱ्याकडे लक्ष देण्यासाठी लोकांनी पैसे भरलेले असतात. मला लोकांकडे लक्ष देण्यासाठी पगार मिळत असे.

आमच्या सहलींत दोन नियम होते. पहिला आसनांच्या फेरपालटाचा. आज बसमध्ये जो पुढे बसला, तो उद्या मागे जातो आणि मागचे पुढे सरकतात. हा नियम कंपनीचा नव्हे, आमच्या लोकांचाच. इतक्या कठोरपणे तो पाळणारे दुसरे लोक मी पाहिले नाहीत. बर्फाचे डोंगर ढगात गेले तर कोणी तक्रार करत नाही; पुढच्या रांगेची पाळी हुकली तर मात्र रात्रीचे जेवण बेचव होते. दुसरा नियम कंपनीचा होता. गट फुटला तर व्यवस्थापकाने बहुसंख्यांबरोबर राहावे. त्याला अपवाद नव्हता.

माणसे तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक गृहस्थ हॉटेल सोडण्यापूर्वी पलंगावरची चादर स्वतः घडी करून ठेवत. एकदा ती घडी मनासारखी बसेना आणि आमची आगगाडी गेली. नुकतेच निवृत्त झालेले एक जोडपे होते. नोकरीच्या काळात त्यांनी सबंध दिवस एकमेकांबरोबर कधी काढलाच नव्हता. सहलीला निघताच खिडकीवरून भांडण जुंपले आणि दोघांनी वेगवेगळी आसने मागितली. मी दिली. परतीच्या विमानात बाईंनी मला हळूच विचारले, "आगाशे, आता शेजारची जागा मिळेल का हो? ह्यांना झोपेत मान ठेवायला काही लागतं."

मात्र लिहायला बसलो तो एकाच सहलीसाठी. निवृत्तीपूर्वीची ती माझी शेवटची मोठी सहल. कॅरिबियन समुद्रातील जहाजाची.

वसुधाताई शिर्के प्रथम कार्यालयात आल्या तेव्हा त्यांचा मुलगा निखिल बरोबर होता. तो शहराच्या उत्तर टोकाला, यिशुनला राहतो. ताई पुण्यात पाणीपुरवठा खात्यात अभियंता होत्या. निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, त्या मुलाकडे आल्या. जिना चढताना त्या प्रत्येक पायरी पावलाने चाचपत होत्या. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, नंतर भिंतीवरच्या नकाशाकडे. प्रत्येक वेळी मान पूर्ण वळवून.

"आईला काचबिंदू आहे," निखिल म्हणाला. "कडेचं काही दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. तेही हळूहळू जाणार म्हणतात."

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ताई म्हणाल्या. "नोकरीत पाइपाच्या आत डोकावण्यात जन्म गेला. आता पाइपातून बाहेर बघते. फार फरक नाही."

निखिल हसला नाही. मीही हसलो नाही. ताई एकट्याच हसल्या.

"सहल कोणती?" मी विचारले.

"जहाज फाल्मथला जातं ती. जमैका."

त्या बंदराचे नाव घेऊन आजवर कोणी जिना चढले नव्हते. लोक जहाजासाठी जातात. बंदरे मधे लागतात म्हणून पाहतात.

"फाल्मथला काय पाहायचंय?"

"पाण्याची टाकी."

निखिलने माझ्याकडे असे पाहिले की बाकीचे त्याला सांगावे लागले नाही.

ताईंनी मग नीट सांगितले. एके काळी ते श्रीमंत बंदर होते. साखर आणि रम तेथून इंग्लंडला जात असे. त्या काळी, मोठमोठ्या शहरांत लोक विहिरीवरून पाणी आणत असताना, या छोट्या गावाने नदीवर रहाट बसवला, पाणी उचलून नळाने गावात आणले आणि भर चौकात टाकीत साठवले. न्यूयॉर्कच्याही आधी आमच्याकडे नळ आले, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. नोकरीच्या सुरुवातीला ताईंनी हे कुठेतरी वाचले होते. तेव्हापासून मनात होते.

मी माझे कर्तव्य केले. म्हणालो, "ताई, ती टाकी आता नाही. पाडून फार काळ झाला. तिथे कारंजं आहे. रहाटही नाही."

"माहीत आहे. जागा आहे ना?"

"जागा आहे."

"मग झालं. डोळे आहेत तोवर जागा बघते."

निखिलची एकच अट होती. आईने गट सोडून कोठेही जायचे नाही. ती मी मान्य केली आणि ताईंनाही मान्य करायला लावली.

निघण्यापूर्वी गटाची ओळख व्हावी म्हणून आम्ही एका रविवारी ईस्ट कोस्टला जमलो. समुद्राकाठच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबले जोडून बसलो. तीसेक माणसे. निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची, उरलेली तरुण जोडपी. तेथेच श्री. दामल्यांनी फेरपालटाचा प्रश्न काढला. दामले निवृत्त हिशेबनीस, तेथून जवळच एका काँडोमध्ये, म्हणजे खाजगी सोसायटीत, राहणारे. जहाजात बस नसते हे त्यांना ठाऊक होते. पण विमानतळापासून बंदरापर्यंत बस होतीच.

"शिर्केबाईंना कायम पुढची जागा म्हणे," दामले म्हणाले. "नियम तो नियम, आगाशे."

"ताईंना कडेचं दिसत नाही," मी म्हणालो.

"मलाही चष्मा आहे."

"अहो, तुमचा चष्मा खाऊन झाल्यावर तोंड पुसायच्या कागदाखाली सापडतो," त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या. "गप्प बसा."

वसुधाताईंनी स्वतःच विषय संपवला. "दामले, माझी पाळी येईल तेव्हाच मी पुढे बसेन. मागे बसलं तरी मला तेवढंच दिसतं." दामल्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटते, त्यांना ते थोडे लागले. पण नियम त्यांनी सोडला नाही.

आता जहाजाच्या सहलीची एक गोष्ट सांगतो. बंदरात जहाज सकाळी लागते आणि दुपारी सुटते. मधल्या वेळासाठी जहाजाचे लोकच लहान सहली काढतात. त्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. जो आपल्या पायांनी गावात जातो, त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही सर्वांना जहाजाच्या सहलीत घालतो. फाल्मथच्या सहलीत बांबूच्या तराफ्यावर बसून नदीतून जायचे होते. छायाचित्रे सुंदर येतात. गटाने एकमताने तीच निवडली. गावात जाण्याची सहल जहाजाकडे नव्हती.

जहाज फाल्मथला लागण्याच्या आदल्या दिवशी दुपारी वसुधाताई डेकवर माझ्याकडे आल्या.

"आगाशे, तो चौक धक्क्यापासून लांब नाही म्हणतात."

"लांब नाही. पण मला गटाबरोबर नदीवर जायला हवं. तुम्हाला एकटं सोडता येणार नाही. निखिलला शब्द दिलाय."

"मी हळू चालेन. विचारत विचारत जाईन."

"नाही, ताई."

त्यांनी वाद घातला नाही. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि कठड्याला धरून गेल्या. त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत मी उभा राहिलो. नियम बरोबर होता. त्या दुपारी तो मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आमचा गट नेहमीसारखा एका कोपऱ्यात बसला होता. टेबलावर घरच्या चटणीचा डबा फिरत होता. जहाज धक्क्याला लागत होते. वसुधाताई उपमा समजून घेतलेले काहीतरी चमच्याने तपासत होत्या. तेवढ्यात शैलाताईंनी विचारले, "काय हो, तुमची ती टाकी इथेच ना?"

"इथेच. पण आपण नदीवर जातोय. पाणी तिथूनच यायचं, तेव्हा निम्मं बघून होईल."

दामल्यांनी पावाचा तुकडा खाली ठेवला.

"आगाशे, तो तराफा हलतो का?"

"तराफा आहे. हलणारच."

"मला पोहता येत नाही."

"सोबत नावाडी असतो. पाणीही फार खोल नसतं."

"बुडायला फार लागत नाही. मी येत नाही."

"अहो, काल तर पोहायच्या तलावात दोन तास—" शैलाताई बोलू लागल्या आणि थांबल्या. दामल्यांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. शैलाताईंनी लगेच गुडघ्यावर हात ठेवला. "मला नाहीतरी खाली बसवत नाही. तराफ्यावर मांडी घालायला लागते ना?"

"खुर्ची असते," मी म्हणालो.

"खुर्चीवरून उठता येत नाही."

मग पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांना पाठदुखी आठवली. एका बाईंना उन्हाची ॲलर्जी निघाली. त्या आदल्या दिवशी डेकवर ऊन खात होत्या. एका आजोबांनी काही कारणच दिले नाही. "मी पण नाही," म्हणाले आणि चहा पीत राहिले. तरुण जोडप्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतील एक मुलगी म्हणाली, "काका, आम्ही जाऊ ना नदीवर? जहाजाची माणसं असतातच बरोबर."

दामल्यांनी हिशेब केला. त्यांचा तो धंदाच होता.

"नदीवर जाणारे कमी. न जाणारे जास्त. आगाशे, बहुसंख्य कोण?"

मी टेबलांवरून नजर फिरवून डोकी मोजली.

"नियम तो नियम," दामले म्हणाले.

वसुधाताई मान वळवून एकेकाकडे पाहत होत्या. त्यांच्या नळीत एका वेळी एकच माणूस मावत असे. बराच वेळ लागला.

धक्क्याच्या आवारात जहाजाच्या लोकांसाठी दुकाने थाटली आहेत. टोप्या, रम, मण्यांच्या माळा. कित्येक प्रवासी तेथूनच परत फिरतात. फाटकाबाहेर स्थानिक वाटाडे उभे असतात. त्यांत पांढऱ्या पोशाखातील एक उंच, वयस्क बाई होत्या. नाव मिस पर्ल. मी त्यांना थोडक्यात सांगितले. त्या म्हणाल्या, "सगळे मला रम कुठे मिळते ते विचारतात. पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं. चला."

आम्ही निघालो. वसुधाताईंनी माझे कोपर धरले. जन्मभर मी सहलकऱ्यांना तोंडपाठ माहिती सांगितली होती. ताईंना ती नको होती.

"इतिहास त्या बाई सांगतील. तुम्ही समोर काय आहे ते सांगा. डावीकडे?"

"दोन मजली घर. खाली दगड, वर लाकूड."

"रंग?"

"निळा होता. उडालाय."

"खिडक्या?"

"फळ्यांच्या झडपांच्या. एक उघडी. आत कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय."

"ऐकू येतंय," ताई म्हणाल्या. "पुढे."

असे आम्ही चाललो. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. ताईंना ते पसंत पडले. नळ टाकायला सोपे, म्हणाल्या. मिस पर्लनी खांबांचे न्यायालय दाखवले, जुने दगडी चर्च दाखवले, निमुळता घुमट असलेली ओतशाळा दाखवली. साखरेच्या मळ्यांची अवजारे तेथे ओतली जात. हे सगळे वैभव साखरेचे, त्या म्हणाल्या, आणि साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या हातांची. गुलामगिरी संपली, साखरेचा भाव पडला. पुढे वाफेची मोठी जहाजे आली. त्यांना हे बंदर उथळ पडले. ती दुसरीकडे जाऊ लागली. गावात घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा कोणाकडे उरला नाही. म्हणून ती राहिली.

"आता तुमच्यासारख्यांची जहाजं यावीत म्हणून समुद्राचा तळ खोल केला," मिस पर्ल म्हणाल्या. "जहाज येतं त्या दिवशी गाव श्रीमंत दिसतं."

"त्या काळी पाणी कोणाला मिळायचं?" वसुधाताईंनी विचारले.

"नळ ज्यांच्या घरी, त्यांना घरी. बाकीच्यांना डोक्यावर."

"आमच्याकडेही तसंच असायचं," ताई म्हणाल्या. मिस पर्लनी त्यांचा दुसरा हात धरला.

चौक आला. मध्ये कारंजे, भोवती टॅक्सी, फळवाल्या, मोठ्याने लावलेले गाणे, एका बाजूला जुन्या बाजाराची इमारत. एवढेच. आमची माणसे घोटाळली. तराफे सोडून आलेली ती माणसे. ती कारंज्याकडे पाहत होती आणि मग ताईंकडे. त्यांच्यासाठी काहीतरी दिसावे असे प्रत्येकाला वाटत होते, आणि दिसत काही नव्हते.

"छान आहे हं," शैलाताई म्हणाल्या. कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता आले नसते.

"नदी कोणत्या अंगाला?" ताईंनी विचारले. मिस पर्लनी हात धरून दिशा दाखवली. ताई काही वेळ तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज बदलला. खात्यात तो असाच असणार.

"दामले, तुम्ही तिकडे जा. त्या हातगाडीच्या पुढे. तुम्ही रहाट."

"मी?"

"हात फिरवता येतात ना? खालून वर. पाणी आधी उंच चढवायचं, मग ते आपल्या वजनानं गावात येतं. बाकीच्यांनी दामल्यांपासून कारंज्यापर्यंत रांग करा. तुम्ही नळ. मधे फट नको, गळती होते."

माझ्या आयुष्यात मी गटांना असंख्य वेळा रांगेत उभे केले आहे. इतक्या मुकाट्याने ते कधी उभे राहिले नव्हते. पाठदुखीवाले, ॲलर्जीवाल्या, कारण न देणारे आजोबा. हातात हात धरून सगळे परक्या चौकात उभे. मध्ये एक माणूस कमी पडत होता. मिस पर्ल जाऊन उभ्या राहिल्या. टोकाला, कारंज्यापाशी, शैलाताई.

"आता मला लांब न्या," ताई मला म्हणाल्या. "जवळून एकच माणूस दिसतो. लांबून सगळे मावतील."

मी त्यांना चौकाच्या पार पलीकडे, बाजाराच्या इमारतीच्या सावलीत नेले. त्यांनी मान वळवली, थोडी आणखी वळवली, स्थिर केली.

"सोडा पाणी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तिकडे पोचण्यासारखा नव्हता. मी ओरडलो. मी सहलीत कधी ओरडत नाही.

दामल्यांनी दोन्ही हात खालून वर फिरवले. एकदा, पुन्हा, पुन्हा. शेजारच्याने हात उचलला आणि खाली केला, मग त्याच्या शेजारच्याने. ती लाट माणसामागून माणसात सरकत आली. टॅक्सीवाले थांबून पाहू लागले. ताईंची मान लाटेबरोबर अगदी सावकाश वळत होती. मिस पर्लचा उंच हात वर गेला, खाली आला. शैलाताईंपाशी पाणी पोचले. पुढे काय करायचे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पिशवीतली बाटली काढली, ओंजळीत पाणी घेतले आणि प्यायल्या.

फळवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आलं," ताई म्हणाल्या.

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. माझे कोपर त्यांनी घट्ट धरले होते.

जहाज सुटण्यापूर्वी आम्ही सगळे परत आलो. नदीवरून आलेल्या मुलांनी छायाचित्रे दाखवली. आमच्याकडे दाखवायला एकही नव्हते. रांगेत सगळ्यांचे हात गुंतलेले होते आणि मी ताईंना धरून उभा होतो. याची मला पुढे पुष्कळ दिवस खंत वाटली.

आता ताईंना दिसत नाही. निखिल कळवतो, मी अधूनमधून यिशुनला जाऊन येतो. एमआरटीने, म्हणजे येथील मेट्रोने, जातो. परवा गेलो तेव्हा त्यांची नात ईशा शाळेतून आलेली होती. चहा झाल्यावर मी छायाचित्राची खंत बोलून दाखवली. म्हणालो, त्या दिवशी एक तरी काढायला हवं होतं.

"No need, lah," ईशा म्हणाली. "आज्जी tells everybody already."

"कशाला हवं छायाचित्र?" ताई म्हणाल्या. "मला सगळं दिसलंय. रांग सरळ नव्हती, आजोबांपाशी वाकली होती. शैलाताईंनी पदर खोचला होता. आणि दामले, एवढे हात फिरवत होते, पण टोपी उलटी घातलेली. पुढचं मागे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

दामल्यांची टोपी उलटीच होती. मी पाहिली होती. ताईंना सांगितली नव्हती.